टाकीतलं मीठ

ज्या रोलिंग मिलमध्ये मी एकवीस वर्षं फिटर होतो ती बंद पडली, आणि दीड वर्षाने तिच्याच शेडमध्ये दोन टाक्या उभ्या राहिल्या. जालन्यात मिल बंद पडणं नवं नाही, पण बंद मिलमध्ये कुणी पुन्हा पैसा घालणं नवं होतं. शेडचा कानाकोपरा माहीत असलेला जुना माणूस हवा म्हणून मला परत बोलावलं. पुण्याहून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, वयाने माझ्या पुतणीएवढ्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो आणि सुरुवातीचा महिनाभर त्यांच्या पाठीमागे हसायचो. नंतर हसणं थांबलं, कारण त्यांना काम येत होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी खडूने फरशीवर दोन गोल काढून आम्हा सहा जणांना सगळं समजावून सांगितलं. पुढे छोट्या अणुभट्ट्या येणार आहेत, कारखान्यांच्या जवळ बसवता येतील अशा. पण अणुभट्टी एका चालीने चालवावी लागते. तिला घडीघडीला पळवायचं आणि थांबवायचं परवडत नाही. विजेची मागणी मात्र तासातासाला बदलते. दुपारी सगळीकडे सोलरची वीज असते तेव्हा भट्टीला कुणी विचारत नाही, आणि सूर्य कलला की सगळे एकदम हात पसरतात. म्हणून दुपारी भट्टीची उष्णता मिठात साठवायची आणि संध्याकाळी तेच तापलेलं मीठ फिरवून वाफ करायची. भट्टी तिच्या चालीने चालत राहील आणि लोकांना हवं तेव्हा हवं तेवढं मिळेल.

आमच्याकडे अणुभट्टी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात याच्यावरून फार बोलणं झालं. तिच्या जागी विजेचे दांडगे हिटर होते. भट्टी जेवढी उष्णता देईल तेवढी ते द्यायचे, आणि बाकीची व्यवस्था बरोबर चालते की नाही हे आम्ही तपासायचो.

मीठ म्हणजे खायचं मीठ नव्हे. पांढरं, दाणेदार, दोन प्रकारच्या गोण्यांमधून आलेलं. दोन्ही एकत्र करून वितळवलं की पाण्यासारखं पातळ होतं. गरम टाकीत ते साडेपाचशे डिग्रीच्या वर असायचं. दुसरीला आम्ही थंड टाकी म्हणायचो आणि तिच्यात तीनशेच्या आसपास असायचं, म्हणजे त्या थंडाव्यात कुणी हात घातला असता तर हात परत आला नसता. पाईपमध्ये ते आणखी उतरलं की दगड व्हायचं. म्हणून प्रत्येक पाईपला तापणारी तार गुंडाळलेली आणि वर लोकरीसारखं जाड आवरण. मला हे काम आवडायचं. एकवीस वर्षं मी लाल सळ्या पुढे ढकलल्या होत्या. इथे पहिल्यांदा उष्णता धरून ठेवायचं काम होतं, आणि सकाळी आल्यावर टाकीचा आकडा कालच्याएवढाच दिसला की मला बरं वाटायचं.

पहिल्याच हिवाळ्यात एका दुपारी लाईट गेली. जनरेटर चालू झाला, पण पाईपच्या तारांचं पॅनल चालू झालं नाही आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तासाभरात दोन टाक्यांमधली मोठी लाईन जाम झाली. पुढचा दीड महिना आम्ही पाईप कापत होतो आणि छिन्नी-हातोडीने आतलं मीठ फोडून काढत होतो. त्यात गंज आणि आवरणाचा कचरा मिसळलेला, त्यामुळे ते परत टाकीत घालता येत नव्हतं. शिवाय पत्र्याखाली ठेवलेल्या काही गोण्या आधीच्या पावसात भिजून घट्ट झाल्या होत्या. सगळं मिळून चाळीस गोणी माल शेडच्या मागे पडला. तो उचलून नेणारी गाडी लांबून यायची होती, आणि ती येत नव्हती.

एका प्रकारच्या गोणीवर छापलेलं होतं, पोटॅशियम नायट्रेट. ती अक्षरं मी आधी कुठे पाहिली होती हे मला लगेच आठवलं. दादाच्या शेतातल्या खोलीत, तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात त्या खताच्या पिशवीवर.

दादा माझा थोरला भाऊ. अंबड तालुक्यात आमचं गाव, जालन्याहून बसने तासाभराचं. मी दहावी होऊन मिलमध्ये आलो त्याच वर्षी त्याने दोन एकर मोसंबी लावली. मी निघून आलो आणि तो राहिला, एवढ्यात आमच्या दोघांच्या आयुष्याची वाटणी झाली. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र दर वेळी गावाला जाताना काही ना काही घेऊन जायचो. चिवडा, बॅटरी, पंप दुरुस्त करायची हत्यारं. रिकाम्या हाताने गेलो तर मला त्याच्याकडे नीट बघता यायचं नाही.

मोसंबीत दादाचं नाव होतं. मोसंबीला फुलं हवी असतील तर आधी तिचं पाणी तोडावं लागतं. थंडीत महिना-दीड महिना झाड कोरडं ठेवायचं, पानं पिवळी पडून गळायला लागेपर्यंत. त्याला ताण देणं म्हणतात. ताण कमी पडला तर फूल येत नाही, आणि जास्त झाला तर झाड कायमचं बसतं. नेमकं कधी पाणी सोडायचं हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. दादा पान हातात घेऊन दुमडायचा, फांदीला नख लावायचा, बुंध्याजवळची माती चार बोटं उकरून मुठीत दाबायचा आणि सांगायचा, "आणखी आठ दिवस दम धरा." किंवा, "आज सोडून द्या, उद्याची वाट बघू नका." थंडीच्या दिवसांत लोक त्याला मोटारसायकलवर बसवून न्यायचे. पार मंठ्याच्या बाजूहूनही माणसं यायची. तो चहाशिवाय काही घ्यायचा नाही. त्याचा हात चुकत नाही असं लोक म्हणायचे, आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण त्याला ते आवडायचं. दुसरं काही त्याच्याकडे नव्हतंच. मूलबाळ झालं नाही, शिक्षण चौथीपर्यंत. ही एक गोष्ट त्याची होती.

मी मॅडमना विचारलं, "मॅडम, हे खत आहे ना?"

त्यांनी लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, "हो, तशी दोन्ही खतंच आहेत. नायट्रेट आहे ना. का?"

मी म्हणालो, भावाची बाग आहे. त्यांनी थोडा विचार केला. पडून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडलं तर बरंच, असं म्हणाल्या. आगीपासून लांब ठेवा एवढं बजावलं. त्या पुण्यात वाढल्या होत्या आणि त्यांनी काळ्या मातीत कधी पाय घातला नव्हता, त्यामुळे मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्या प्रकारच्या गोणीवर सोडियम नायट्रेट लिहिलेलं होतं. तेही मी वाचलं होतं. सोडियम म्हणजे खारटपणा हे मला शाळेत शिकवलेलं होतं आणि ते मी विसरलेलोही नव्हतो. पण त्या दिवशी मला दादाला चाळीस गोणी खत द्यायचं होतं. चिवड्याच्या पुड्याऐवजी टेम्पोभर.

टेम्पो बागेत उभा केला तेव्हा ताण संपत आला होता. अर्धी पानं खाली पडलेली, झाडं भकास दिसत होती. ताणावरची बाग अशीच दिसते. दादाने एका गोणीचं तोंड सोडलं.

"हे काय आणलंस?"

"तेरा-शून्य-पंचेचाळीस. कारखान्यात उरल्तं. तू दुकानातून आणतो तेच."

"ते तर बारीक असतंय. ह्याचे तर ढेकळं झालेत."

"तापवून थंड झालंय म्हणून. माल तोच हाय."

त्याने खडा हातात फिरवला. मग बादलीत पाणी घेतलं, दोन मुठी मीठ टाकून हाताने ढवळलं आणि हात तसाच पाण्यात ठेवून थांबला. आमच्याकडे हे खत असंच पारखतात. अस्सल माल असला तर पाणी गार पडतं, भेसळ असली तर पडत नाही. दुकानदाराच्या तोंडावर ही परीक्षा करणारे लोक आहेत.

"गार पडलं," दादा म्हणाला. "बराबर हाय. बिलकुल अस्सल हाय."

मीही हात घालून पाहिला. पाणी खरंच माठातल्यासारखं गार होतं. दुसऱ्या प्रकारचं मीठही पाण्यात पडलं की पाणी असंच गार करतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन प्रकारच्या गोण्या होत्या हे मात्र माहीत होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दहा प्रश्न विचारले असते.

चार दिवसांनी त्याने ताण तोडला आणि पहिल्या पाण्यापासूनच ड्रिपमधून ते मीठ सोडायला सुरुवात केली. पुढे उन्हाळ्यापर्यंत, दर आठवड्याला, ड्रिपवरच्या सगळ्या झाडांना.

बाग अशी फुटली की बघत राहावं. पानं गर्द हिरवी, फुलांचा वास रस्त्यापर्यंत. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा, "आमच्या ह्यानं खत पाठवलं. अणूच्या कारखान्यात हाय तो." मी दोन वेळा सांगितलं की अणूचा कारखाना नाही. त्याला तो शब्द आवडला होता. त्या दोन महिन्यांत मी जितका सुखी होतो तितका लग्नातही नव्हतो.

एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या. दादा म्हणाला, ऊन जास्त आहे. मे महिन्यात विहीर तळाला गेली, पाणी कमी पडलं, तेव्हा तो म्हणाला, पाणी कमी आहे. मग पाऊस आला आणि बागेत पाणी साचून राहिलं. आमची जमीन पाणी पिणारी. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी चालता येईल अशी. आता आठ-आठ दिवस झाडांच्या बुंध्याशी डबकी. वाळलं की वर पापुद्रा धरायचा, आणि खाली पाहिलं तर माती मेणासारखी चिकट. फळं लिंबाएवढी होऊन गळायला लागली. रोज सकाळी दादा ती गोळा करून बांधावर टाकायचा. गावात कुणीतरी बोललं की अणूची हवा लागली. पारावर दोन दिवस त्याचीच चर्चा. दादा हसला. म्हणाला, "जालन्याची हवा इतक्या लांब माझीच बाग हुडकत आली का?"

मला हसू आलं नाही. ऑगस्टमध्ये एका रविवारी तो गावात गेलेला असताना मी तीन झाडांखालची माती पिशवीत भरली आणि जालन्याला माती तपासणाऱ्याकडे दिली. आठ दिवसांनी कागद घ्यायला गेलो. तिथला माणूस वयस्कर होता, चष्म्यावरून बघणारा.

"समुद्राकाठी शेती आहे का तुमची?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, नाही.

"मग एवढं सोडियम कुठून आलं? काय टाकलं होतं?"

मी म्हणालो, विहिरीचं पाणी थोडं खारट आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला पटलं नव्हतं, पण त्याच्यापुढे रांग होती. त्याने कागदाच्या मागे पेनने लिहून दिलं. सोडियमने माती घट्ट होते, पाणी जिरत नाही; ते सुटायला जिप्सम टाका, शेणखत टाका, ओळींमधून चर काढून पाणी बाहेर घालवा. आणि म्हणाला, "जल्दी करा. या पावसातच केलं तर निम्मी झाडं तरी हाती लागतील. पुढच्या वर्षी माझ्याकडे येऊ नका."

तो कागद घेऊन मी बसस्टँडवर बसलो. गावाकडची बस लागली, भरली आणि गेली. मी चढलो नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय होतं ते सांगतो. पुढच्या आठवड्यात बाहेरून मोठे पाहुणे कारखाना बघायला येणार होते आणि त्यानंतर माझी नोकरी कायम होणार होती. माल मी नेला हे बाहेर आलं असतं तर मॅडमची नोकरी गेली असती. ही कारणं खरी होती. पण ती नसती तरी मी चढलो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. दादा तो कागद वाचून माझ्याकडे ज्या नजरेने बघेल ती मला नको होती. कागद मी तिथेच चार तुकडे करून टाकला.

मग एक पळवाट काढली. जिप्समच्या दहा गोण्या विकत घेतल्या आणि घेऊन गेलो. म्हणालो, टाकून बघ, लोक टाकतात.

"कशासाठी?" दादाने विचारलं.

"असंच. जमिनीला चांगलं असतं म्हणे."

"झाड आजारी हाय. आजारी माणसाला असंच काही देतं का कुणी? आधी रोग कळू दे." त्याने गोण्या खोलीत लावून ठेवल्या. "तुझा जीव लागतो म्हणून आणतोस. पण शेतीतलं तुला कळत न्हाई, बाबा."

कारण सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी टाकलं असतं. पुढे वर्षभर त्या गोण्या मी खोलीत बघत होतो.

पाहुणे आले. कोट घातलेले आठ-दहा जण. मॅडम त्यांना टाक्यांपाशी समजावून सांगत होत्या, भट्टी, मागणी, साठा. एकाने विचारलं, हे मीठ सांडलं तर आसपासच्या लोकांना काही धोका? मॅडमनी हसून माझ्याकडे हात केला. "आमचे हे शेतकरी कुटुंबातले आहेत. तुम्हीच सांगा ना." आणि मी सांगितलं. म्हणालो, साहेब, यातलं निम्मं आम्ही पिकाला घालतो, खतच आहे हे. सगळ्यांना ते आवडलं. एकाने वहीत लिहून घेतलं. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम झाली.

दुसरा हिवाळा आला तोपर्यंत शेंड्यांकडून फांद्या वाळायला लागल्या होत्या. दादाने तरी ताण दिला. या वेळी रोज बागेत जायचा, दिवसातून तीनदा पानं बघायचा. नेहमी एका नजरेत ठरवणारा माणूस, पण त्याचं ठरेना. आज सोडू की उद्या. वहिनीला विचारायला लागला, जिला त्याने मोसंबीतलं कधी काही विचारलं नव्हतं. शेवटी पाणी सोडलं. मोजकी फुलं आली आणि गळून गेली. झाडं नवी पानं काढेनात. मार्चपर्यंत निम्मी बाग काटक्या झाली होती.

"ताण जास्ती झाला," तो म्हणाला. "मागल्या सालीच झाल्ता. तवाच चार दिवस आधी पाणी सोडायला पाहिजे होतं. झाड हिरवं दिसलं म्हणून मी फसलो. आतून ते तवाच गेल्तं."

मी समोर बसलो होतो. मी म्हणालो, तसं नसेल. तो म्हणाला, "मंग कसं असंल?"

मॅडम त्याच सुमारास दुसरी नोकरी धरून बंगळुरूला गेल्या. म्हणजे त्यांची नोकरी वाचवायची हे कारण उरलं नाही. माझी कायम झालेलीच होती. तरी मी बोललो नाही. दर रविवारी गावाला जाताना ठरवायचो आणि परत येताना पुढच्या रविवारी म्हणायचो. माझा मला इतका राग यायचा की घरी आल्यावर बायकोवर उगाच ओरडायचो. तिला वाटायचं, कारखान्यात काम फार आहे.

लोकांनी दादाला बोलावणं बंद केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, आमच्याकडे तेवढी रीत आहे. फक्त मोटारसायकली येईनाशा झाल्या. ज्याची स्वतःची बाग ताणात गेली त्याला ताण विचारायला कोण येणार? उन्हाळ्यात त्याने मशीन बोलावून विहिरीजवळची चार झाडं तेवढी ठेवून बाकी बाग तोडली. मी त्या दिवशी गेलो नाही, ड्युटी आहे म्हणून सांगितलं. ड्युटी नव्हती. मग तलावातला गाळ आणून त्याने सगळ्या रानावर हातभर पसरला आणि त्यावर कपाशी लावली. कपाशीलाही म्हणावी तशी वाढ नव्हती. तो बांधावर उभा राहून तिच्याकडे बघायचा आणि आत यायचा. जेवणात लक्ष नाही, दाढी वाढलेली. वहिनीने खोलीतली फवारणीची औषधं उचलून शेजाऱ्याकडे ठेवायला दिली. तिने मला ते सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात काही नव्हतं, भाजी आणली असं सांगावं तसं सांगितलं.

गेल्या थंडीत मी असाच गेलेलो असताना शेजारच्या गावचा एक शेतकरी आला. त्याची नवी बाग, पहिलाच ताण. त्याला दादाची गोष्ट बहुधा माहीत नव्हती, किंवा माहीत असूनही आला होता. म्हणाला, "काका, एकदा येऊन बघून सांगा ना, आज सोडू का उद्या."

दादाने दोन्ही हात मांडीखाली घेतले. मी ते नीट पाहिलं. हात लपवावे तसे त्याने घेतले. "मला नका इचारू," तो म्हणाला. "ह्या हातानं मी माझी मारली. दुसऱ्याची कशाला?"

तो माणूस चहा न घेता निघून गेला. वहिनी आत चुलीपाशी होती. मला वाटलं आता नाही बोललो तर मी माणूस नाही.

"दादा, तुझा ताण चुकला न्हवता," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. दोन प्रकारच्या गोण्या होत्या. एक आपल्या खताची, दुसरी खारट. टाकीत दोन्ही एकत्र वितळवल्या होत्या. मी वाचलं होतं आणि सांगितलं नाही. बाग मिठाने गेली. माती तपासली होती. जिप्सम म्हणून आणलं होतं. बोलताना मला रडू आलं आणि मी ते थांबवलं नाही.

तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग विचारलं, "कागद कुठंय?"

"फाडला."

"कधी?"

"तवाच. बसस्टँडवर."

त्याने मान हलवली. मी म्हणालो, आताही माती काढून देऊ तपासायला. तो म्हणाला, वर गाळ पडलाय, आता त्यात काय दिसणार? मी म्हणालो, खोल खणू. तो म्हणाला, राहू दे.

"विहिरीपाशी चार झाडं हायत ना," मी म्हणालो. मला ती तेव्हाच सुचली, आणि वाटलं की आता हा नाही म्हणूच शकत नाही. "ती ड्रिपवर न्हाईत. त्यांना मीठ गेलं न्हाई. म्हणून जिती हायत. त्यांना फळ हाय आज. बघ की तूच."

"त्यांना ताणबी कधी बसला न्हाई," दादा म्हणाला. "विहिरीचा पाझर हाय तिथं. पाणी तुटतच न्हाई त्यांचं. म्हणून जिती हायत."

तो मला समजावत होता. त्याचा आवाज कित्येक महिन्यांनी इतका मऊ आला होता.

"तू दोन वर्षं बघून राह्यलास मला," तो म्हणाला. "तुला वाटतं, ह्याचं काही बरंवाईट होईल. म्हणून तू आज हे डोक्यात जुळवून आलास. तुझं खत पडलं तवा झाडं कशी हिरवी झाल्ती, सगळ्या गावानं बघितलं. मी बादलीत हात घालून पारखलं होतं. पाणी गार पडल्तं. खतानं कधी बाग मरत न्हाई, बाबा."

"मी खोटं बोलून न्हाई राह्यलो, दादा."

"खोटं न्हाई. माया हाय ती. पण माझी चूक तू आपल्या अंगावर घेऊ नको. मला ते बघवणार न्हाई." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, ज्या हातावर त्याचा आता विश्वास नव्हता तो. मी पुन्हा एकदा सांगायला लागलो तर त्याने मला थांबवलं आणि आत वळून म्हणाला, "ह्याला वाढ. सकाळपासून काही खाल्लं नसंल ह्यानं."

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने ताट वाढलं, भाकरी दिली, पण माझ्याकडे बघितलं नाही. मी कसंबसं दोन घास खाल्ले. निघालो तेव्हा ती माझ्यामागे रस्त्यापर्यंत आली. दादा आत होता.

"भाऊजी, मला पटलं," ती म्हणाली. "बादलीतलं पाणी मी बी बघितल्तं. पण त्या सालापासून अंगणातली तुळस बी धरंना. तिला बी तेच घातल्तं मी."

मी म्हणालो, वहिनी, तू सांग दादाला. तुझं ऐकेल तो.

"न्हाई सांगणार. तुम्ही बी पुन्हा सांगू नका. स्वतःला शिव्या घालून का व्हईना, ते जगून राह्यलेत. बाग गेली, लोकं गेली, आता त्यांच्याजवळ एक भाऊ हाय. तो बी काढून घेऊ नका."

मी हो म्हणालो. बस यायला अजून वेळ होता. ती पदर डोक्यावर घेऊन घराकडे वळली, आणि माझ्यासाठी थांबली नाही.